ओट्याची उंची

फुलचूरला घर बांधायला काढलं, तेव्हा नकाशा मीच केला. आयुष्यभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले. बायको म्हणायची, "मले तुमच्या रेघा समजत नाही." मीही कधी समजावल्या नाहीत.

मग नागपूरहून धाकटा भाऊ लॅपटॉप घेऊन आला. माझ्याच नकाशावरून त्यानं अख्खं घर पडद्यावर उभं केलं होतं. "याला बीआयएम म्हणतात, दादा." बायको त्याच्या शेजारी बसली आणि सरळ पडद्यावरच्या स्वयंपाकघरात शिरली. भावानं तिच्या उंचीची एक बाई ओट्यापुढे उभी केली. ओटा बाईच्या बरगड्यांना लागला.

"वहिनी, पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटता काय?"

"नाही त काय! तुमच्या दादानं ओटा उंटासाठी काढला."

दोघं हसली. जुन्या घरातला तो पाट मला रोज दिसायचा. तो तिथे कशाला, हे मी कधी विचारलं नव्हतं. भावानं ओटा चार इंच खाली ओढला, तशी वरची खिडकीही खाली आली. मला त्यासाठी सगळे कागद खोडावे लागले असते. पण जळलो ते त्यामुळे नाही. माझ्या कामाबद्दल ती माझ्याशी कधी एवढी बोलली नव्हती.

खिडकी भावाच्या मापानं बसली. नंतर मिस्त्रीनं मला विचारलं, "साहब, ओटा किसके नाप से?"

"मेरे नक्शे से."

ओटा चार इंच वर बसला आणि त्याचा दगड खिडकीच्या चौकटीवर चढला. खिडकीचा पल्ला उघडेना.

"भाऊजी, तुमचा कॉम्प्युटर फसला वाटते," बायको म्हणाली. भाऊ बिचारा पुन्हापुन्हा मापं तपासत राहिला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पुढे कित्येक दिवस बरं वाटत राहिलं.

सामान हलवलं तेव्हा तिनं जुना पाट आणून नव्या ओट्यापुढे ठेवला.

"हा कायले आणला?"

"मंग हात पुरते काय माझा?"

तेव्हा मिस्त्रीला मी काय सांगितलं होतं, ते सांगितलं. कारणासकट.

ती म्हणाली, "भाऊजीले फोन लावा. माझ्यासमोर. मंग मिस्त्रीले."

ओटा फोडून खाली घेतला. भाऊ आला की ती त्याला अजून स्वयंपाकघरातच बसवते, दोघं बोलत राहतात. मी बाहेरून ऐकतो. अजून जळतं.