शकूचा दंड वाळेपर्यंत

केनवडहून मोटार निघाली तेव्हा सासूबाईंच्या पदराच्या गाठीत देवीच्या ठाण्यावरची राख होती आणि माझ्या मांडीवर शकू, माझी मुलगी. शेजारच्या वस्तीत देवी निघाल्या होत्या, म्हणून तिला टोचून आणायला आम्ही मंगरूळपीरला चाललो होतो. माझ्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण आहेत. चारचौघांत मी पदर पुढे ओढूनच बसते. शकूचं तोंड तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. वाशीमला मोटार थांबली, तेव्हा आम्ही भाकर आणि बेसन (पिठलं) खाल्लं. मंगरूळपीरच्या दवाखान्यात शकू फार रडली. टोचणाऱ्याने बजावलं, दंडावरची लस पुसू नका, वाळू द्या.

परतीच्या मोटारीत बसताच सासूबाईंनी गाठ सोडली. "लेकराची आग होऊन राह्यली. पुसून राख लावतो."

मी नुसता शकूचा हात आवळून धरला.

समोरच्या बाकावरचा खाकी कोटातला माणूस वळला. "मावशी, पुसू नका."

"तू कोन रे, डाक्टर?"

"शिपाई होतो. ब्रह्मदेशात लढाईले गेलतो."

"मंग बंदुकीचं सांग. टोचण्याचं कायले सांगतं?"

सगळी मोटार हसली. तोही हसला. मग बाही सारून त्याने दंडावरचे वण दाखवले. "बंदुकीच्या आधी हे, मावशी. सुभेदार सांगे, जुन्या लढायांत गोळीपेक्षा देवी-पटकीनंच (पटकी म्हणजे कॉलरा) जास्त शिपाई गेले. म्हून आमाले साऱ्यायले टोचलं. माह्या दोस्तानं तंबूमागं जाऊन पुसून टाकलं. देवी कोपंल म्हने."

"मंग?"

"छावणीत देवी आल्या, त्यालेच निघाल्या. आमी बाजूलेच निजत होतो, आमाले काही झालं नाही. त्याले तिथंच पुरलं. राखबी घरी आली नाही."

सासूबाईंनी हातातली राख पुन्हा गाठीत बांधली. मग वाशीमपर्यंत शकूच्या दंडावर पदराची सावली धरून बसल्या. पदर दंडाला टेकू दिला नाही.

वाशीमला शिपाई उतरू लागला. मी पदर जरा मागे केला. त्याने माझं तोंड पाहिलं. "पोरीले काही होत नाही, बाई," म्हणाला आणि गेला.

घरी आल्यावर आठवडाभरात शकूच्या दंडावर फोड चांगले टरारून आले, म्हणजे लस लागली होती. शेजारणी डोकावल्या की सासूबाई दारातूनच ओरडत, "हात लावू नका वं, वाळून राह्यलं!"

पुढे देवी आमच्या आळीतही येऊन गेल्या. शकू अंगणात खेळते आहे. त्या शिपायाचं नाव मी विचारलं नाही. सकाळी तिचं तोंड धुताना त्याची आठवण येते, आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्या त्याच्या दोस्ताचीही. दोघांनाही मी मनातच हात जोडते.