दोन्ही घरचा खांब

आमच्या धाकटीला सरळ रेषेचं वेड आहे. धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती पलंगावर चादर अशी घालते की त्यावर बसायचा धीर होत नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ केसभर कललेलं दिसलं की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. शिकली ती ड्राफ्ट्समनचं. ऑफिसात कॉम्प्युटरवर जिने, कठडे, खिडक्यांच्या जाळ्या काढायची. मग सासूबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं, मी एकटी पुरी पडेना, तेव्हा तिने साहेबांकडे घरून काम मागितलं. साहेब हसले. "बाई, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कठडे होत नसतात!"

सासूबाई आता काठी टेकत घरभर हिंडतात, सगळ्यांना टोमणेही मारतात. धाकटी मात्र ते वाक्य विसरली नाही. नोकरी सोडून, मुद्दाम त्याच टेबलावर लॅपटॉप मांडून ती स्वतःच्या नावाने काम मिळवायला लागली, आणि पहिलंच मिळालं ते एका बालवाडीच्या जिन्याचा कठडा. ड्रॉइंग तिने काढायचं, वर्कशॉपमधलं मशीन त्याबरहुकूम लोखंडी पट्ट्या कापणार आणि खांबांसाठी त्यात भोकं पाडणार. सोमवारी शाळा उघडणार होती.

त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी गवंड्याचा फोन आला. गिलावा जाड बसलाय, सगळा कठडा दोन बोटं आत घ्या. धाकटीने घेतला, ड्रॉइंग पाठवून दिलं, आणि समाधानाने जेवायला बसली. पण जेवतानासुद्धा डोळे स्क्रीनवरच. मी समोर मटार सोलत होते. एकदम तिचा हात ताटातच थांबला.

"ताई, ही फट बघा."

जिना मध्ये वळतो त्या कोपऱ्यात दोन खांबांमध्ये चांगली रुंद फट दिसत होती. बाकी सगळीकडे मूठ जेमतेम जाईल एवढी, आणि इथे लहान मुलाचं डोकं सहज आत गेलं असतं. गेलेलं डोकं बाहेर निघालं असतं की नाही, कोण जाणे.

तिने उष्ट्या हातानेच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वर्कशॉपमध्ये मशीनच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार! तिने तिसऱ्यांदा लावला. शेवटी वर्कशॉपवाल्याने उचलला.

"मॅडम, पट्टी चढवलीय. बटण दाबायचं तेवढं बाकी."

"दाबू नका! ड्रॉइंगमध्ये चूक आहे."

"कुणाची?"

"माझी. थोडा वेळ द्या, तोवर चहा घ्या."

"चहा झाला, मॅडम. माझ्यामागे दुसऱ्याचं काम उभं आहे. ते चढवलं की तुमचं गेलं पुढच्या आठवड्यात. आणि एक सांगू? घरबसल्या कामाचं हे असंच होतं."

तिने फोन ठेवला. हात धुऊन ती लॅपटॉपला भिडली.

कॉम्प्युटरवरचे खांब सुटे ठेवले तर एकेकाला हलवता हलवता जन्म जाईल, म्हणून त्यांचे गट बांधतात. एकाला हात लावला की अख्खा गट निळा होतो आणि मिळून सरकतो. इथे गट दोन होते, खालच्या पायऱ्यांचा आणि वरच्या पायऱ्यांचा. तिने कोपऱ्याचा खांब धरून मागे ओढला, तर त्याच्याबरोबर भलतीच वरात निघाली. ते रद्द केलं. मापं पुन्हा तपासली. मापं बरोबर. दोन्ही गट दोन-दोन बोटं सरकले होते, तरी खांब चुकलेला.

भावजी, म्हणजे तिचा नवरा, मागून डोकावले. "एवढं काय त्यात? फटीत एक नवा खांब काढ आणि दे पाठवून."

घाईघाईत तिने तोही काढला. फट बुजली. पाठवायच्या बटणावर बोटही गेलं, आणि तिथेच थबकलं.

"आणि हा जुना? हा आता पायरीवर आलाय, अहो. पोरं येता-जाता अडखळतील."

"मग खोड त्याला."

"खोडला तर गटातलं आणखी काय हलेल, मला माहीत नाही. चुकलाय कशामुळे ते कळल्याशिवाय मी काही पाठवणार नाही."

फोन वाजला. वर्कशॉप. तिने उचलला नाही.

"फोडूनच टाकते सगळं," ती पुटपुटली.

"काय फोडतेयस ग?" आतून सासूबाई. "परवाच काचेचा वाडगा फोडलास!"

"गट फोडतेय, आई."

"गट फोड हवा तर. घर नको फोडूस म्हणजे झालं."

भावजी हसले. धाकटी हसली नाही. गट फोडले तर सगळे खांब सुटे होणार, प्रत्येकाची जागा नव्याने तपासायची, आणि तेवढी सवड कुठली! तिने नवा खांब पुसला. मग सेटिंगमध्ये जाऊन गटाने धरायचं बंद केलं, म्हणजे ज्याला हात लावू तेवढाच उचलला जाईल. एकट्या खांबावर टिचकी मारून विचारलं, हा कुठल्या गटातला?

स्क्रीनवर दोन नावं आली. खालचा. वरचा.

"अग बाई!" तिने कपाळावर हात मारला. "गट बांधताना मीच याला दोन्हीकडे घेतलं. कोपऱ्याचा, म्हणून दोघांचा. खालचे सरकले तेव्हा हा त्यांच्याबरोबर गेला. वरचे सरकले, पुन्हा त्यांच्याबरोबर. सगळे दोन बोटं सरकले आणि हा चार!"

"सासरचं आणि माहेरचं, दोन्ही आमंत्रणं घेतली म्हण की," मी म्हटलं.

तिने ड्रॉइंग सकाळच्या बदलाआधी होतं तसं मागे नेलं, खांबाला खालच्या गटातून काढलं, आणि पुन्हा गट सरकवले. आधी खालचा. खांब जागचा हलला नाही. मग वरचा. खांब बरोबर गेला, एकदाच. मूठ जेमतेम जाईल एवढी फट. वर चढत तिने एकेक फट मोजली, मला पाठ येईल इतक्यांदा, मग ड्रॉइंग पाठवलं आणि फोन लावला.

पलीकडे मशीन घरघरत होतं. धाकटीने डोळे मिटले.

"दुसऱ्याचं काम चढवलंत?"

"चढवणार होतो, मॅडम. पण चूक आपली आहे असं आपण होऊन सांगणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. म्हटलं, बघू जरा वाट. हे मशीन नुसतं गरम होतंय. आलं तुमचं ड्रॉइंग. हा कोपऱ्याचा खांब कुठल्या भागाला जोडू?"

"वरच्या."

"नक्की?"

"नक्की. आता तो वरच्यांचाच."

फोनमधून लोखंड कापल्याची किंचाळी आली. धाकटी फोन कानाला लावून ती पट्टी संपेपर्यंत ऐकत राहिली.

काठी टेकत सासूबाई दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आणि खालच्यांनी काय करायचं मग?"

"त्याला धरून उभं राहायचं, आई. दोन बोल्ट दिलेत."

"बरं," म्हणत सासूबाईंनी तिचं गार झालेलं ताट उचललं आणि गरम करायला नेलं.