साफ करून पाठवलेली मासिकं

माझ्या थोरल्या भावाला दिसेल ते विकायची खोड आहे. वाटणीत वडिलांची संगीताच्या मासिकांची ट्रंक त्यानं हट्टानं घेतली, जालन्याला नेली आणि इंटरनेट आल्यावर जुन्या वस्तूंच्या साइटवर ती विकायला काढली. वाचलं त्यानं एकही नव्हतं.

वडील घनसावंगीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या मासिकांत गाण्यांची स्वरलिपी यायची, त्यावरूनच ते शिकले. खंडेनवमीला शेजारीपाजारी विळे-खुरपी पुजायचे. आमच्या पाटावर क्लॅरिनेट आणि शेजारी मासिकांची चळत. वडील प्रत्येक अंकावर ओल्या बोटानं कुंकू लावायचे. बोटाच्या रेषासुद्धा कागदावर उमटायच्या. ते गेल्यावर मला घरातलं दुसरं काही नको होतं, ते अंक तेवढे हवे होते.

भावाशी बोलणं बंद होतं. मी मागितले असते तर त्यानं मुद्दाम दुसऱ्याच्या घशात घातले असते, एवढा मी त्याला ओळखतो. म्हणून कॅफेत बसून पुण्यातल्या मित्राच्या नावानं त्याला लिहिलं, सगळे अंक घेतो. साइटवरचे फोटो धूसर होते. अंक आमचेच ना, ही खात्री करायला विचारलं, मुखपृष्ठांवर लाल डाग आहेत का? उत्तर आलं, काळजी करू नका.

मित्रानं पार्सल आणून दिलं. उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. एकूणएक मुखपृष्ठ खरवडलेलं. खोडरबर चाललं होतं, काही ठिकाणी ब्लेडही. कुंकवाचा मागमूस नव्हता. मी तिथल्या तिथं भावाला फोन लावला.

"तूच व्हय तो पुण्याचा?" तो हसायला लागला. "मंग बोंबलून काय राह्यला? डाग हायेत का म्हणून तूच इचारलं. घासून घासून हात दुखले माझे."

"इचारलं होतं, दादा. पुसायला सांगितलं न्हवतं."

"गिऱ्हाईक डागाचं इचारतं म्हंजे त्याला डाग नको असतात. धंदा हाय हा." आणि वर निर्लज्जपणे म्हणाला, "आता साइटवर चांगला शेरा टाक. बाकीचा माल खपायचाय."

शेरा टाकला. मित्राच्या नाही, माझ्या नावानं, पाचांपैकी एक चांदणी देऊन. लिहिलं, विक्रेत्यानं आमच्या वडिलांचं बोट खोडून माल पाठवला आहे.