आईचं गोंदण आणि बेप्पूचं गरम पाणी

आमच्या पन्हाळ्याचा काळा दगडसुद्धा ज्वालामुखीचाच म्हणे, पण तो केव्हाच थंड झालाय. जपानमधल्या बेप्पूची जमीन मात्र अजून आतून तापलेली आहे. धाकटा भाऊ तिकडे नोकरीला, म्हणून मागच्या हिवाळ्यात मी आईला घेऊन गेले. कारण एकच, आईचे गुडघे. गरम झऱ्यात बसलं की दुखणं पळतं, असं भावाने फोनवर सांगितलं आणि तेव्हापासून आईने आमचं डोकं खाल्लं.

गावात गटाराच्या जाळीतूनही वाफ येते. त्या वाफेवर लोक अंडी, रताळी, कोबी शिजवतात. आई तिथून हलेना. "गॅस न्हाय, लाकूड न्हाय. भुईच चूल हाय की गं हितं!" मी तर त्या गावाच्या प्रेमातच पडले. पायाखाली एवढी आग आणि माणसं किती निवांत!

झऱ्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात अंगावर चिंधीही चालत नाही. आई तिथे अडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "समद्या बायकाच हायत की." अडलं भलतीकडेच. आईच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. दारावरच्या बाईने ते पाहिलं आणि मानेनेच नाही म्हटलं. इकडे गुंडांच्या टोळ्या अंग गोंदवून घेतात, म्हणून गोंदणवाल्यांना आत मनाई, हे मोबाइलवरच्या भाषांतरातून कळलं. माझं डोकंच फिरलं. एवढ्या लांबून येऊन दारातून परत जायचं? आई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मी गुंड व्हय! आपल्या गावात, गडमुडशिंगीत सांगितलं तर म्हशीबी हसतील."

तिला बघून ती बाईही हसली आणि आतून कातडीच्या रंगाची चिकटपट्टी घेऊन आली. झाकायचं कशाला, म्हणून मी पुन्हा तणतणले, पण आईने हात पुढे केला. "लाव बाई. तुझं पाणी, तुझा नियम." कातडीचा रंग म्हणजे त्यांच्या कातडीचा, आईच्या सावळ्या हातावर पट्टी चुना फासल्यासारखी दिसत होती.

पाण्यात उतरल्यावर आईने "देवा!" म्हणून डोळे मिटले. थोड्या वेळाने पट्टी सुटली. आता हिला बाहेर काढणार. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने दाराकडे पाहिलं आणि सरळ आपला तळहात आईच्या गोंदणावर ठेवला. तशीच बसून राहिली.

पट्टी पुन्हा चिकटवायला मी पुढे सरकले, तर आई डोळे न उघडताच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिचा हात नगं काढूस."