उक्तं की तासावर

डिझाइनच्या धंद्यात पैसे जमोत न जमोत, किस्से मात्र जमतात. टपरीवर आम्ही गिऱ्हाइकांची फजिती रंगवून सांगतो, स्वतःची सांगायला जीभ रेटत नाही. आज सांगतो.

धुळ्यात माझं आणि योगेशचं डिझाइनचं दुकान. आधी सगळं काम उक्तं घ्यायचो, एकदा कामाची रक्कम ठरली की ठरली. रावेरच्या एका नानांनी केळीच्या खोक्यावरचं लेबल सांगितलं. पहिल्यांदा स्वतः आले, मग त्यांचे भाऊ आले, मग जावई. प्रत्येकाला केळ्याचा रंग वेगळा हवा! मी कुरकुरलो तर नाना म्हणाले, "उक्तं ठरलंय ना? मग तुझं काय जातंय?"

मी मान खाली घालून केळं पुन्हा पिवळं केलं.

*

योगेशच्या घरी नुकतंच बाळ आलेलं. तो म्हणाला, "आता तासावर. अर्ध्या तासाचं काम असलं तरी पूर्ण तास धरायचा. कुणाला सूट दिलीस, तर मी पुण्यात नोकरी धरतो."

त्याचं चुकत नव्हतं. भिंतीवर दर लागला, टेबलावर टायमर आला.

*

पहिलं गिऱ्हाईक जळगावचे कापडवाले शेठ. खुर्ची ओढून शेजारीच बसले. मी हनुवटीला हात लावून स्क्रीनकडे बघतोय.

"विचार करताना पण मीटर चालू असतं?"

"हो."

"मग विचार घरून करून येत जा ना, भाऊ."

मी ओशाळलो आणि टायमर बंद केला. त्या संध्याकाळी योगेश पुण्याच्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळत बसला.

*

आतेभावाच्या लग्नाची पत्रिका करायला आली. आत्याला दर सांगायची मला लाज, म्हणून तो मेसेजवर पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"तुले लहानपने आंघोय मी घाली. त्याना किती तास धरशी रे?"

पत्रिका फुकट झाली. योगेशनं पुण्याला अर्ज टाकला.

*

त्याच आठवड्यात चाळीसगावकडच्या खेड्यातून एक अक्का आल्या. नवरा वारला होता, उत्तरकार्याला फोटो हवा होता. नवऱ्याचा एकट्याचा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातला घोळका होता, त्यातून त्यांना वेगळं काढायचं होतं.

योगेश समोरच बसलेला. मी दर सांगितला, पूर्ण तासाचा नियमही सांगितला. सांगताना अक्कांकडे पाहवलं नाही. त्यांनी पिशवी सोडून पैसे आधीच टेबलावर ठेवले.

खांद्यावरचा दुसऱ्याचा हात काढला, मागचा मांडव पुसला, चेहरा स्क्रीनभर मोठा केला. काम लवकर आटोपलं. तास भरायला बराच वेळ होता. मला फार लाज वाटली. योगेशकडे न बघता मी निम्मे पैसे अक्कांपुढे सरकवले आणि फोटो बंद करायला माउस धरला.

अक्कांनी पैसे परत माझ्याकडे ढकलले, खुर्ची स्क्रीनसमोर ओढली आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या,

"तास पुरा मना शे ना? मंग ऱ्हाऊ दे त्यासले तठेच. मी बठस."