डीलियावर राहिलेली हाक

फिंटन टूही गेला तेव्हा त्याला जन्मात न भेटलेल्या बायकांनीही डोळे पुसले. सख्ख्या बहिणीच्या, डीलियाच्या डोळ्यांना मात्र पाण्याचा थेंब नव्हता, आणि किलबॅरन गावाने ते बरोबर हेरलं. गावाला दुसरं काम काय!

टीव्हीवरचा फिंटन सगळ्यांच्या ओळखीचा. शनिवारी संध्याकाळी यायचा, साध्या खुर्चीत ऐसपैस बसायचा, गिटार मांडीवर घेऊन आधी गावाकडची एखादी गंमत सांगायचा आणि मग जेवण झाल्यावर ओसरीवर बसल्यासारखा निवांत गायचा. डीलिया तेव्हा डेअरीत दुधाचे कॅन धूत होती. तिने लग्न केलं नाही, आईबाप सांभाळले, कोंबड्या पाळल्या. पण गळा? फिंटनचा गळा गोड होता, डीलियाचा खरा होता, असं जुनी माणसं सांगत. ती गायची ते नावेचं गाणं. पलीकडच्या बेटावरच्या नावाड्याची वाट बघणारी मुलगी, आणि चौथ्या कडव्यात नाव येते ती रिकामीच. आजीकडून ते तिला मिळालं होतं. ती डोळे मिटून गायची आणि छोटा फिंटन तिचा हात हातात धरून सुरासुरावर हलके फिरवायचा. गाणाऱ्याचा हात असा कुणीतरी धरायचा, ही तिकडची रीतच आहे.

दुसरीही एक रीत आहे. किलबॅरनमध्ये ज्याचं गाणं त्याचं. शेजाऱ्याची सायकल न विचारता न्या, दोन शिव्या देऊन तो विसरेल. पण तो जिवंत असताना त्याचं गाणं त्याला न विचारता म्हणू नका.

फिंटनने ते म्हटलं, तेही टीव्हीवर. डीलियाने ते पॅकी हेहिरच्या पबमध्ये, सगळ्या गावासोबत ऐकलं. चौथं कडवं गाळलेलं होतं. शनिवारी संध्याकाळी लोकांच्या घरात मयत कार्यक्रमवाल्यांना नको असणार. गाणं तुफान चाललं. पुढे एका लग्नात शेजारची पोर लाडात येऊन म्हणाली, "मावशी, ते फिंटनचं नावेचं गाणं म्हणा ना!"

डीलियाने हातातला कप खाली ठेवला. त्यानंतर ती गायली नाही.

फिंटन दर ऑगस्टला यायचा. ती त्याला डुकराचं मांस आणि कोबी शिजवून घालायची, वर टोमणेही मारायची, "एवढा मोठा झालास, आणि बटाटा अजून सालीसकट खातोस!" तो हसायचा. गाण्याचा विषय त्याने कधी काढला नाही, तिनेही नाही. बहीणभाऊ दोघेही एकाच मातीचे, हट्टी.

शेवटच्या ऑगस्टला तो आला तो अंगावर कोट लोंबत असलेला. काय झालंय ते त्याने सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. पॅकीच्या पबमध्ये तो एक गाणं गायला. ज्याचं गाणं संपतं त्याने पुढच्याला हाक द्यायची, आणि हाक ज्याच्यावर आली त्याला ओलांडून दुसऱ्या कुणी गायचं नाही, हा तिथला कायदा. पोलिसांचाही एवढा कुणी पाळत नाही.

"डीलिया," फिंटन म्हणाला.

"गळा बसलाय माझा."

"किती वर्षं बसलाय गं? उठव की आता त्याला!"

सगळे हसले. ती हसली नाही. मग तो तिच्या बाजूला सरकला आणि हळूच म्हणाला, "चुकलो मी. तुझं होतं ते." आणि लहानपणीसारखा त्याने हात पुढे केला.

हेच वाक्य ऐकण्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती. ते आलं, आणि त्याचं काय करावं तेच तिला कळेना. तिने हात कोटाच्या खिशात घातला.

"बरं," फिंटन म्हणाला. "हाक तुझ्यावर ठेवून जातो."

त्यानंतर पॅकीकडे कुणी गायलं नाही. पानं गळायला लागली आणि फिंटन गेला.

त्याला पुरून आल्यावर भर दुपारी सगळे पबमध्ये जमले. सूप झालं, सँडविच झाले. शहरातून आलेला एक टीव्हीवाला गिटार घेऊन उभा राहिला. "चला, फिंटनचं गाणं सगळे मिळून म्हणू या!"

"बसा साहेब," पॅकी म्हणाला. "हाक दुसऱ्या कुणावर आहे."

डीलियाकडे कुणी बघितलं नाही, एवढी माणुसकी गावाला होती. ती टेबलाकडे बघत बसली. आज गायली नाही तर ही हाक आपल्याबरोबरच मातीत जाणार, आणि भाऊ कायमचा न माफ केलेलाच राहणार, हे तिला कळत होतं. तिने डोळे मिटले.

आवाज गंजलेला होता. पहिलं कडवं फाटलं, दुसरं सावरलं. तिसऱ्यात टीव्हीवाला हळूच सूर मिसळायला लागला. चौथं सुरू झालं तसा तो थांबला, ते त्याला ठाऊकच नव्हतं. रिकामी नाव काठाला लागली. डीलियाचा हात टेबलावर उघडा पडला होता. तो कुणी धरला नाही. ती जागा कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग पॅकी म्हणाला, "डीलिया, आता हाक द्यायची तू."

"फिंटन," ती म्हणाली.

एक गाणं होईल इतका वेळ सगळा पब त्याच्यासाठी थांबला.

"नाही गाणार तो," शेवटी डीलिया म्हणाली. "गळा बसलाय त्याचा." आणि मग ती रडली.