कबुतरांसाठी टांगलेली सीडी

कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि तो मुका झाला. बाबा गेल्यावर त्यांच्या आवाजातलं एक गाणं त्यात उरलं होतं. वेगळ्या कप्प्यात असल्याने ते शाबूत होतं, पडद्यावर पुढे सरकतही होतं, पण ऐकू येत नव्हतं. आवाज चालू करणारा छोटासा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, तेवढा पुसला गेला होता.

त्या ड्रायव्हरची जुनी सीडी शोधताना नजर खिडकीकडे गेली. कबुतरं येऊ नयेत म्हणून आईने तीच दोऱ्याने टांगली होती. तिचे रंगीत कवडसे भिंतीवर संथ पोहत होते. मी बघतच राहिले. माणसातही सगळं असतंच. ते बाहेर आणणारं एवढंसं काहीतरी कुठेतरी उन्हात डोलत असतं.

आईने दोरा सोडला. "बघ, ह्यांचं गाणं लागतंय का."

लागलं. मोकळ्या खिडकीत दोन कबुतरं येऊन बसली. आईने त्यांना हाकललं नाही.